अकरा दोऱ्यांचं शेत

धाकट्याची रोपं यंदाही उरली.

शेवटच्या सरीच्या टोकाला पोचून त्यानं कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि बांधाच्या सावलीतले ट्रे मोजले. आठ. दर ट्रेत कोबीची शंभर रोपं, असे साठ ट्रे आणले होते, बावन्न संपले आणि आठ उरले. गेल्या वर्षीही आठच. त्याच्या आदल्या वर्षी साडेसात, पण त्या वर्षी अर्धा ट्रे बकरीनं खाल्ला होता.

धाकटा हे काही त्याचं नाव नव्हे. चाळिशी उलटली, कानाशी केस पिकले, तरी सगळा गाव त्याला धाकटाच म्हणायचा. थोरला भाऊ शाळेत मास्तर होता, आणि मास्तरांचा धाकटा एवढी ओळख लोकांना पुरे वाटायची. खरं सांगायचं तर त्यालाही पुरे वाटायची.

"उरली?" बायकोनं विचारलं. ती अजून उकिडवीच बसून होती. तिच्या हातात हातभर लांबीची बांबूची काठी होती. दोन रोपांत अंतर किती ठेवायचं ते या काठीनं ठरायचं. काठी टेकवायची, टोकाशी भोक पाडायचं, रोप बसवायचं, अंगठ्यानं माती दाबायची, पुन्हा काठी टेकवायची. गेले आठ दिवस पहाटेपासून दुपारपर्यंत तिनं हेच केलं होतं. गुडघ्यांच्या वाट्या मातीनं माखल्या होत्या आणि अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळलं होतं.

"उरली," तो म्हणाला.

"मी काठी सोडली नाही हां एकदाही."

"मी कुठं काय म्हणालो?"

म्हणाला नव्हता, पण एकदा म्हणाला होता, आणि ते दोघांनाही पाठ होतं. वाटणी झाल्यावर तिसऱ्या वर्षी अशीच रोपं उरली. बांधावर उभं राहून मास्तर हसत म्हणाले होते, "तुझ्या बायकोचा हात सैल आहे रे. विरळ लावते." तिला तेव्हा तीन दिवसांचा ताप होता. धाकट्यानं त्याच तापात तिला दोन अख्ख्या सऱ्या उपटायला लावल्या आणि बांबूची काठी कापून हातात दिली. "अंदाजानं लावू नको. तुझा अंदाज कळला." तिनं रोपं उपटून पुन्हा लावली. त्यानंतर तिनं काठीशिवाय एक रोप लावलं नाही. आणि तरीही रोपं उरतच राहिली.

सुट्टीचा दिवस होता, म्हणून मास्तर बांधावर आले. पांढरा शर्ट, पायात वहाणा. खाली उतरायचा प्रश्नच नव्हता.

"काय रे, उरली ना?"

"उरली दादा. आठ."

"मला वाटलंच." मास्तर मान हलवत हसले. "माझ्या रोजंदारीच्या बायका बघ, दाट लावतात. साठ पुरत नाहीत. हा बांधालगतचा पट्टा मोकळा राहिलाय बघ. तू विरळ लावतोस, म्हणून तुझी उरतात. शेत एकाच मापाचं, हात वेगवेगळे."

"काठीनं लावली भावजी," बायको खालूनच म्हणाली.

"काठी काय करणार? धरणारा हात पाहिजे." मग धाकट्याला म्हणाले, "बायका गेल्या आता. उद्या-परवा तूच लावून टाक ती माझ्या पट्ट्यात. वाळून जाण्यापेक्षा बरं."

"लावतो की."

दरवर्षीची हीच रीत होती. पीक निघालं की धाकट्याच्या गाडीत मास्तरांच्यापेक्षा कमी गड्डे भरायचे, आणि अड्ड्यावर कुणीतरी हटकून म्हणायचं की अकरा दोऱ्यांच्या शेतात एवढंच? हाताला बरकत लागते बाबा. धाकटा ऐकून घ्यायचा. शेणखत जास्त घालून पाहिलं, पाणी बदलून पाहिलं, पहाटे अर्धा तास आधी उठून पाहिलं. नाकासमोर चालणारा माणूस, दोष शोधायचा तर आधी स्वतःत शोधायचा.

त्या भागात शेत किती मोठं ते दोरीवर सांगायची पद्धत होती. डुकरांचा उपद्रव भारी, शेताला कुंपण घातल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून भोवती किती दोऱ्या कुंपण लागतं तेच आकडे लोकांच्या तोंडी बसलेले. वीस पावलांची एक दोरी. कुणाचं नऊ दोऱ्यांचं शेत, कुणाचं चौदा. वडील वारले तेव्हा दोघा भावांची वाटणी याच दोरीनं झाली. वडिलांचीच काथ्याची दोरी, दोन्ही टोकांना गाठी. मास्तरांनी एक टोक धरलं, धाकट्यानं दुसरं.

जमीन लांबट चौकोनी, पण एका कोपऱ्यात गावाची पाण्याची टाकी. वडिलांनीच कधीकाळी तो कोपरा टाकीला दिला होता आणि भोवती भिंत घातलेली होती. मास्तरांनी बरोबर मध्ये खुंट ठोकला. म्हणाले, "टाकीकडचा तुकडा तुला. राबणारा तू, पाणी जवळ पडेल." टाकीचं पाणी पिण्याचं, त्यातला थेंबही शेताला मिळणार नव्हता, पण ते तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. धाकटा एवढंच म्हणाला होता, "पण दादा, माझा कोपरा कापलेला आहे."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, तुझ्या डोळ्यांदेखत मोजू." चार जाणती माणसं बरोबर घेऊन दोघे दोन्ही तुकड्यांभोवती फिरले. मास्तरांचा तुकडा अकरा दोऱ्या. धाकट्याचा, टाकीच्या भिंतीलगत आत वळून पुन्हा बाहेर येत, अकरा दोऱ्या. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. "दोरी खोटं बोलत नाही," मास्तर म्हणाले. जाणत्यांनी माना डोलावल्या. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्ख्या भावावर शंका घेतली म्हणून त्यानं सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली आणि कागदावर सही केली.

त्याला आता बारा वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकट्याची पोर शाळेतून तोंड फुगवून आली. हिला सगळे वकीलीण म्हणायचे. प्रश्न विचारल्याशिवाय हिला पाणी पचायचं नाही. यंदा ती सहावीत, म्हणजे काकांच्याच वर्गात गेली होती.

"बाबा, मला हे येत नाही." तिनं पुस्तक त्याच्यापुढं टाकलं. "शेजारच्या तुकडीतल्या मुली चिडवतात. त्यांच्या बाईंनी हा धडा घेतला. आमच्या सरांनी सोडला."

शाळेत काकांना सर म्हणायचं अशी तिला सक्त ताकीद होती, आणि ती घरीही पाळायची.

"सोडला म्हणजे?"

"म्हणाले, परीक्षेला येत नाही. पानं उलटली आणि पुढचा घेतला."

धाकट्यानं हात पुसून पुस्तक घेतलं. पाचवीत शाळा सुटली होती त्याची. घरात एकालाच शिकवायची ऐपत होती आणि डोकं दादाचं चांगलं होतं, असं सगळे म्हणायचे. मग दादाचा डबा घेऊन हा रोज दुपारी शाळेच्या पायरीपर्यंत जायचा, बस. तरी अक्षर कळत होतं आणि गुणाकार अजून जिभेवर होता. पुस्तकात एक चौकोन काढला होता. त्याचा एक कोपरा चौकोनीच कापलेला. शेजारी लिहिलं होतं, या जोड-आकृतीचे क्षेत्रफळ काढा.

"हे आपल्या शेतासारखं दिसतंय," तो हसून म्हणाला.

"म्हणून तर मला यायला पाहिजे." पोरीनं पुस्तकातली रीत मोठ्यानं वाचली. आकृतीचे दोन आयत पाडा. प्रत्येकाची लांबी-रुंदी गुणा. बेरीज करा. "पण दोन तुकडे का करायचे? सगळ्याचा घेर मोजला की झालं की."

"तेच तर. दोरी फिरवली की झालं."

"मग पुस्तकात उगीच का लिहिलंय?" वकिलीणबाई काही सोडायला तयार नव्हत्या. ती अंगणात इकडेतिकडे पाहत राहिली. भिंतीशी ते आठ ट्रे होते. तिनं एक ओढला. दहा ओळी, ओळीत दहा रोपं. आईच्या शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं रीळ आणलं, कुंपणाचे चार काटे मोडून आणले, चार कोपऱ्यांत खोचले आणि दोरा कडेकडेनं फिरवून गाठ मारली.

"हे सरांचं शेत. रोपं किती?"

"शंभर."

"आता टाकी बांधते हं." तिनं एका कोपऱ्याचा काटा उपटला, आणखी दोन काटे घेतले आणि दोरा आत वळवून पुन्हा बाहेर काढला. दोन ओळी आत, दोन ओळी आडव्या. दोरा ना सैल पडला ना ताणला. तोच दोरा, तीच गाठ.

"दोरा सारखाच लागला," धाकटा म्हणाला. "बघ."

"आतली रोपं मोजा."

त्यानं बोटानं मोजली. शहाण्णव. चार रोपं दोऱ्याच्या बाहेर, टाकीत गेली होती. त्यानं पुन्हा मोजली. पोरीनं काटे आणखी आत सरकवले, चार ओळी. दोरा तोच. आत चौऱ्याऐंशी. तिला आता खेळच सुचला. ती काटे सरकवत सरकवत पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेली. दोरा ट्रेच्या दोन कडांना चिकटून उभा राहिला, एका बाजूला एक ओळ, दुसऱ्या बाजूला एक ओळ.

"एकोणीस!" ती ओरडली. "बाबा, एकोणीसच रोपं उरली आणि दोरा तेवढाच!"

धाकटा ट्रेकडे बघत राहिला. सगळं शेत टाकीत गेलं होतं, मालकाच्या हाती दोन सऱ्या राहिल्या होत्या, आणि दोरी तरीही म्हणत होती, सारखं. चुलीपुढून उठून बायको केव्हाची दारात येऊन उभी होती.

"म्हणून उरतात," ती म्हणाली.

"थांब," तो म्हणाला. "उद्या बघू."

उजाडल्या उजाडल्या बापलेक शेतात गेले. पावलं धाकट्याची, वही पोरीची. साठ पावलं लांब, पन्नास रुंद. टाकीची भिंत वीस पावलं, वळल्यावर पुन्हा वीस. पोरीनं बांधावर मांडी घालून पुस्तकातल्या रीतीनं तुकडे पाडले. चाळीस गुणिले पन्नास, दोन हजार. वीस गुणिले तीस, सहाशे. "आपलं सव्वीसशे. सरांचं साठ गुणिले पन्नास, तीन हजार."

"चारशेचा फरक."

"हो. मग बांध इकडं हवा होता." ती उठून काकांच्या बाजूला उतरली आणि मोकळ्या पट्ट्यात चालत गेली. "एक, दोन, तीन, चार. इथं. मग दोघांचं अठ्ठावीसशे, अठ्ठावीसशे."

चार पावलं. चार पावलं म्हणजे काही डोंगर नव्हे. पण धाकट्याला त्या चार पावलांत बारा हंगाम दिसले, अड्ड्यावरची थट्टा दिसली, आणि तापलेल्या अंगानं रोपं उपटणारी बायको दिसली. तरी मन आडवं येत होतं. न्याहारीला बसल्यावर तो म्हणाला, "दादाच्याही लक्षात आलं नसेल. दोघंही फसलो."

"गणिताचे मास्तर आहेत ते," बायको म्हणाली.

"पुस्तकातलं वेगळं आणि शेतातलं वेगळं. मी आज सांगतो त्याला. उलट त्यालाच वाईट वाटेल बघ."

"वाटू दे मग," ती म्हणाली आणि ताट उचललं.

त्याला खरंच वाटत होतं. दादाला कसं सांगायचं याची जुळवाजुळवही त्यानं मनात केली. आधी ट्रेचा खेळ दाखवू, म्हणजे हसेल, मग शेताचं बोलू. तेवढ्यात रोपवाल्याचा टेम्पो दारात थांबला. लागवड झाली की रिकामे ट्रे गोळा करत तो घरोघर फिरायचा. तिशीतला, बडबड्या, गावातलाच.

"आठ उरले ना?" त्यानं उतरता उतरताच विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"मास्तर सांगतात की. ते दरवर्षी बावन्नच घेतात. म्हणतात, आठ धाकट्याकडून येतात, जास्त कशाला?"

धाकट्याच्या हातातले ट्रे हातातच राहिले. "बावन्न? त्याला तर साठ पुरत नाहीत."

"कोण म्हणतं? बारा वर्षं माझ्या वडिलांनी आणि मी रोपं दिली त्यांना, बावन्नच्या वर एक नाही." रोपवाल्याची नजर अंगणातल्या ट्रेकडे गेली. काटे अजून खोचलेलेच होते आणि दोरा कोपऱ्यात आत वळलेला होता. तो खुदकन हसला. "अरे वा, दोरीचा खेळ! वकीलीण, झाला वाटतं हा धडा?"

"नाही झाला. सरांनी सोडला."

"सोडला? मास्तरांनी?" त्याला ते पटेचना. "अगं, हा धडा म्हणजे मास्तरांची खासियत. आम्हाला मैदानात नेलं होतं. दोन दोऱ्या, दोन टोळ्या. एकीनं पुरा चौकोन धरायचा, दुसरीनं कोपरा आत घ्यायचा. मग विचारायचे, कुणाचं शेत मोठं? आम्ही बोंबललो, सारखं! मास्तर पोट धरून हसले. म्हणाले, पोरांनो, दोरी फसवते. जन्मात विसरू नका. मी तर विसरलो नाही."

"केव्हाची गोष्ट?" धाकट्यानं विचारलं.

"सहावीत होतो मी. तुमचे वडील होते की तेव्हा. दोरी त्यांचीच होती, काथ्याची, गाठींची. ते स्वतः शाळेत घेऊन आले होते. मास्तरांनी आम्हाला सांगितलं, ही माझ्या घरची दोरी आहे, नीट धरा."

रोपवाला बोलत राहिला, रिकामे ट्रे मोजून टेम्पोत टाकत राहिला आणि निघूनही गेला. धाकटा उंबऱ्यावर बसला. वडील जिवंत असताना पोरांना शिकवलं होतं की दोरी फसवते. वडील गेल्यावर तीच दोरी हातात धरून भावाला सांगितलं होतं की दोरी खोटं बोलत नाही. आणि यंदा त्या भावाची पोर वर्गात येऊन बसली, तर धडाच सोडून दिला.

"कुंपणानंच शेत खाल्लं," बायको म्हणाली.

आढ्याला टांगलेली वडिलांची दोरी काढून त्यानं खांद्यावर टाकली आणि निघाला.

मधली सुट्टी संपून तास सुरू झाला होता. वर्गाच्या दाराशी धाकट्यानं चपला काढल्या. पाय मातीनं भरलेले होते, म्हणून तो आत न जाता पायरीवरच थांबला. डबा आणायचा तेव्हा इथंच थांबायचा.

"या, या!" मास्तर फळ्यावरून वळून म्हणाले. पोरं हसली. "काय काढलंस आज? दोरी कशाला?"

"दादा, तो धडा घे."

"कुठला?"

"दोरीचा. दरवर्षी घेतोस तो."

वकीलीण तिसऱ्या बाकावर होती. तिनं मान खाली घातली. मास्तरांनी खडू खाली ठेवला. "बाहेर जा रे सगळे. खेळा जरा." पोरं एकमेकांना ढकलत पळाली. वकीलीण सगळ्यांत शेवटी उठली.

वर्ग रिकामा झाला तरी धाकटा पायरीवरच होता. मास्तरही त्याला आत ये म्हणाले नाहीत.

"कोण काय बोललं तुला?"

"बावन्न ट्रे का घेतोस?"

मास्तरांनी फडकं उचललं आणि फळा पुसायला घेतला. पुसलेला भागही पुन्हा पुसला. पाठ तशीच ठेवून म्हणाले, "सांगणार होतो मी. तेव्हाच सांगणार होतो. माणसं जमली होती, तू माफीबिफी मागून बसलास. मग कागद झाला. मग बांध घातला, झाडं लावली. असं राहत जातं."

"चार पावलं दादा. मागितली असतीस तर मी आठ दिली असती."

"मग झालं तर. एवढा का तमाशा करतोस?" मास्तर वळले. डोळे काही वर येत नव्हते, पण आवाज चढला होता. "उपाशी ठेवलं का तुला मी? अडीनडीला धावलो नाही?"

"माझ्या बायकोचा हात सैल म्हणालास."

"ते सहज बोललो असेन."

"बारा वर्षं माझ्या रोपांनी तुझा पट्टा भरला. माझ्याच हातांनी लावून घेतलास. आणि वर धरणारा हात पाहिजे म्हणालास. तुला ठाऊक होतं, रोपं का उरतात ते. आठचा आकडासुद्धा तू आधीच काढून ठेवला होतास."

मास्तरांनी फडकं टेबलावर टाकलं. "हे बघ, कागदावर बांध आहे तिथंच आहे. दोघांच्या सह्या आहेत. आणि खरं ऐकायचंय? तू शिकला असतास तर तुला तिथल्या तिथं कळलं असतं. त्यात माझा काय दोष?"

धाकट्याला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग कळलं की ऐकलं ते बरोबरच आहे. जमीन गेली याचं त्याला एवढं लागलं नव्हतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, त्याच्या मनात आलं. ज्याच्यासाठी शाळा सोडली, तोच म्हणत होता, शिकला नाहीस ही तुझी चूक. त्यानं खाली बसून चपला घातल्या. एक चप्पल उलटी आली, ती पुन्हा सरळ केली. मास्तर ते बघत उभे राहिले.

"जाताना पोरांना आत पाठव," ते म्हणाले.

त्यानं पोरांना आत पाठवलं. वकीलीण मात्र आत गेली नाही. दप्तर घेऊन ती त्याच्या मागोमाग चालू लागली आणि त्यानंही तिला परत जा म्हटलं नाही.

दुपार कलायच्या आत तिघं शेतात होती. धाकट्यानं बांध ओलांडला. मास्तरांच्या पट्ट्यात पाऊल टाकताना त्याचा पाय एकदा अडखळला, मग त्यानं चार पावलं मोजली आणि खुंट ठोकला. पलीकडच्या टोकाला चार पावलं मोजून दुसरा खुंट ठोकला. वीस पावलांची दोरी पन्नास पावलांना कशी पुरणार? पोरीनं ती तीनदा पुढं नेत माती उकरून सरळ रेघ ओढली. रेघ ओढून झाल्यावर तिनं दोरीचं वेटोळं करून बांधावर टाकलं.

"किती ट्रे लागतील?" आईनं विचारलं.

"चार गुणिले पन्नास, दोनशे. एका पावलाच्या चौकोनाला दोन रोपं. चारशे. चार ट्रे." पोरीनं वहीत न बघता सांगितलं.

ऊन पाठीवर होतं, माती वरून कोरडी आणि बोटभर खाली ओली होती. धाकटा पुढं सरी ओढत होता, पोर ट्रेमधून रोपं सोडवून देत होती, बायको लावत होती. काठी, भोक, रोप, अंगठा. काठी, भोक, रोप, अंगठा. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. एकानं विचारलंही, "काय धाकट्या, भावाचा पट्टा भरतोस?" धाकट्यानं मान वर न करता सांगितलं, "माझा भरतोय." माणसानं टाकीकडं बघितलं, रेघेकडं बघितलं आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत हे अड्ड्यावर पोचणार होतं.

शाळा सुटल्यावर मास्तर त्याच रस्त्यानं आले. बांधावर उभे राहिले. खाली उतरले नाहीत. दोन सऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"कागद आहे माझ्याकडं," ते म्हणाले.

"असू दे. रोपं माझ्याकडं आहेत." धाकट्यानं उरलेले चार ट्रे उचलले, चालत बांधापाशी आला आणि मास्तरांच्या वहाणांजवळ ठेवले. "ही चार ट्रे रोपं तुझी. रेघेपलीकडच्या पट्ट्यात बसतील. बरोबर बसतील, पोरीनं हिशेब केलाय. पण या वेळी लावायची तुझी तू."

मास्तरांनी पुतणीकडं पाहिलं. "वकीलीण, तास सोडून आलीस. उद्या पालकांची चिठ्ठी आण."

"आणते सर," ती म्हणाली. "त्यात काय लिहायचं? कुठला धडा बुडाला म्हणून?"

मास्तरांनी दोन ट्रे उचलायला घेतले, शर्टाला चिखल लागेल म्हणून पुन्हा ठेवले, आणि तसेच निघून गेले. धाकटा त्यांच्या पाठमोऱ्या पांढऱ्या शर्टाकडं बघत राहिला. लहानपणी हीच पाठ डोळ्यांपुढं धरून तो चालत आला होता. आता ती वळली तरी हाक मारावीशी वाटणार नव्हती. जिंकल्याचा आनंद म्हणावा तर तो कुठंच नव्हता. उगीच रडू येत होतं.

तो परत सरीत आला. बायको काठी टेकवत होती. नखाखालचं साकळलेलं आता काळं पडलं होतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या हातातून काठी काढून घेतली.

"ही नको आता," तो म्हणाला. "तू अंदाजानं लाव. तुझा अंदाज बरोबर होता. तेव्हाही बरोबर होता. मीच…"

त्यानं काठी लांब भिरकावून दिली. ती बांधापलीकडं जुन्या शेतात जाऊन पडली.

बायको त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही, मायेनंही नाही. मातीचा हात तिनं पदराला पुसला, रोप उचललं, मागच्या रोपापासून अंदाज घेतला. भोक पाडायला बोट टेकवलं आणि बोट तिथंच राहिलं. जरा इकडं सरकवलं. पुन्हा जरा तिकडं. रोप तिच्या हातात तसंच होतं.

"लाव ना," तो म्हणाला.

"कळत नाही आता," ती म्हणाली.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली, बांध ओलांडून पलीकडं गेली, वाकून काठी शोधली, झटकली, आणि परत येऊन पुढच्या रोपासाठी टेकवली.